संगणकातली बाग आणि अंगणातली बाग

शाळेची परसबाग सांभाळणाऱ्या एका बाईंनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला विचारले, "बागेचा आराखडा करून देणारे सॉफ्टवेअर मिळते म्हणतात. त्यातले कोणते घ्यावे? आणि झाडांची माहिती कुठे पाहावी?" शाळेमागे तीन-चार गुंठे जागा, एक जुना पण चालू संगणक, आणि तो हाताळायला मिळावा म्हणून बागकामालाही तयार असलेली आठवीची मुले, असा त्यांचा सगळा संसार. प्रश्न साधा वाटला, म्हणून आम्ही दोन-तीन नावे सांगून मोकळे झालो.

नंतर त्याच आज्ञावल्या आम्ही स्वतः वापरायला घेतल्या. थोडे गच्चीवर, थोडे एका मित्राच्या घरामागच्या वाफ्यांत. वर्षभराने लक्षात आले की आपण बाईंना फार घाईने उत्तर दिले होते. आज्ञावली कोणती घ्यावी याआधी, ती कोणत्या प्रदेशातल्या बागेसाठी लिहिली आहे आणि तिने आपल्याबद्दल काय काय गृहीत धरले आहे, हे तपासायला हवे होते. ते कसे तपासायचे हे या लेखात पाहू. घरी चार कुंड्या असणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल आणि विज्ञानाच्या तासाला तर निश्चित.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. 'बागेचे सॉफ्टवेअर' या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या किंवा फुकट वाटल्या जातात. काही निव्वळ चित्रकलेच्या वह्या आहेत : जागेचा नकाशा काढा, त्यावर झाडांची चित्रे ठेवा. काही पेरणीच्या तारखा सांगतात. काही फोटोवरून झाडाचे नाव सांगतात. आणि काही म्हणजे वनस्पतींचे माहितीसाठे. त्यात लाखो नावे असतात, पण नकाशा नसतो. एकच आज्ञावली ही सगळी कामे करते असे सांगत असेल, तर तिचा माहितीसाठा कुठून आणला आहे ते पाहावे. चित्रे सुंदर असली की त्यामागची माहितीही तशीच असेल असे आपण नकळत धरून चालतो. आम्हीही चाललो.

कांद्याची गोष्ट

आमच्यापैकी एकाच्या परदेशात राहणाऱ्या भावाने कांद्याच्या बियांचे एक पाकीट आणले होते. पाकिटावर नारळाएवढ्या, गोड कांद्याचे चित्र. आम्ही त्या वाणाचे नाव आज्ञावलीत घातले, गाव म्हणून 'पुणे' निवडले. क्षणात उत्तर आले : रोप कधी टाकायचे, कधी लावायचे, दोन रोपांत किती अंतर ठेवायचे, काढणी किती दिवसांनी. वाफ्याचे चित्रही छापून मिळाले. आम्ही सगळे तंतोतंत पाळले.

रोपे तरारली. पात हिरवीगार, गुडघ्याएवढी झाली. एप्रिल संपला, मे संपला, तरी पात पडेना. शेजारच्या वाफ्यातला बाजारातून आणलेल्या रोपांचा कांदा कधीच काढून झाला होता. शेवटी उपटून पाहिले, तर खाली जाड मानेशिवाय काही नाही. पातीची भाजी मात्र आठवडाभर पुरली.

दोष बियांचा नव्हता आणि आमच्या पाण्याचाही नव्हता. कांद्याचे रोप गड्डा कधी धरायचा हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवते. दिवस एका ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा झाला की पानांतून संदेश जातो, नवी पाने निघायची थांबतात आणि पानांच्या बुडाशी अन्न साठू लागते. तोच गड्डा. ही मर्यादा वाणावाणांत वेगळी असते. आपल्याकडच्या वाणांना सुमारे ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो. त्यांना अल्पदिनी कांदे म्हणतात. युरोपच्या आणि अमेरिकेच्या उत्तर भागातले दीर्घदिनी वाण १४ तास किंवा त्याहून मोठ्या दिवसाची वाट पाहतात. लंडनला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस साडेसोळा तासांच्या पुढे जातो, तेव्हा तिथे त्यांचे छान जमते. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान ११ तासांचा. म्हणजे १४ तासांच्या दिवसाची वाट पाहणारा कांदा पुण्यात जन्मभर वाटच पाहत राहणार. (तापमानाचाही यात हात असतो. उबेत गड्डा लवकर धरतो. पण दिवसच पुरेसा मोठा नसेल, तर नुसत्या उबेने काम भागत नाही.)

आज्ञावलीला पुणे कुठे आहे हे ठाऊक होते. अक्षांशही तिच्याजवळ होते. पण तिच्या माहितीसाठ्यात कांद्याच्या नावापुढे 'किती तासांचा दिवस हवा' असा रकानाच नव्हता. जिथे ती लिहिली गेली, तिथल्या बियाणे दुकानांत त्या भागाला चालणारेच कांदे मिळत असणार. मग हा प्रश्न तिथे कुणाला पडणार? पुण्याजवळ राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. खरिपासाठी एन-५३, रब्बीसाठी एन-२-४-१ अशी वाणे निफाडकडचे शेतकरी वर्षानुवर्षे ओळखून आहेत. ही नावे त्या साठ्यात शोधली, तर सापडली नाहीत.

हा धडा वर्गात घेता येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत किंवा पंचांगात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दिलेल्या असतात. मुलांना प्रत्येक महिन्याच्या २१ तारखेचा दिवस किती तास-मिनिटांचा ते काढायला सांगावे आणि आलेख काढावा. आलेखावर १२ तासांची आणि १४ तासांची अशा दोन आडव्या रेघा मारल्या, की कोणता कांदा आपल्याकडे येईल आणि कोणता येणार नाही हे न सांगता कळते.

थंडीच्या पट्ट्यांत बसवलेला महाराष्ट्र

परदेशी आज्ञावली सुरू केली की ती पहिला प्रश्न विचारते : तुमच्याकडे शेवटचे हिमतुषार केव्हा पडतात? दुसरा प्रश्न : तुमचा 'झोन' कोणता? पहिल्याला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उत्तरच नाही. दुसऱ्याला उत्तर आहे, पण ते असून नसल्यासारखे.

हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेले आहेत. त्यांचा पहिला नकाशा १९६० साली निघाला आणि नवीन २०२३ साली. कल्पना सोपी आहे. प्रत्येक ठिकाणी वर्षातली सर्वांत थंड रात्र किती थंड असते ते पाहायचे, ३० वर्षांची सरासरी काढायची आणि दर १० अंश फॅरनहाइटला एक असे १३ पट्टे पाडायचे. बर्फात झाड जगेल का मरेल हाच ज्यांच्या बागेचा मुख्य प्रश्न, त्यांच्यासाठी हे उत्तम. पण आपण हाच नियम लावला, तर काय होते पाहा. पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर या तिन्ही ठिकाणी वर्षातली सर्वांत थंड रात्र साधारण ५ ते १० अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते. म्हणून तिन्ही गावे झोन ११ मध्ये! पुण्याचा वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, महाबळेश्वरचा ५,००० च्या वर. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी लागते म्हणून ती 'झोन ११ ला योग्य' असे वाचून नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात लावणाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको.

अमेरिकेतल्या लोकांनाही ही त्रुटी जाणवली होती. तिथल्या बागकाम संस्थेने १९९७ साली उष्णतेचा एक वेगळा नकाशा काढला. वर्षातले किती दिवस तापमान ३० अंशांवर जाते त्यावरून त्यात १२ पट्टे पाडले आहेत, आणि वर्षात २१० हून अधिक असे दिवस असतील तर तो शेवटचा, बारावा पट्टा. आपला बराचसा प्रदेश त्या टोकाला जाऊन बसेल आणि पुन्हा सगळे एकाच खणात. शिवाय पाऊस, माती, हवेतला दमटपणा यांचा पत्ता नाहीच.

मग आपण काय धरायचे? शेतीसाठी महाराष्ट्राचे नऊ कृषिहवामान विभाग पाडलेले आहेत. त्यात पाऊस आणि माती यांचा विचार आहे : कोकणातली जांभ्याची जमीन वेगळी, घाटमाथा वेगळा, अवर्षणाचा पट्टा वेगळा, पूर्व विदर्भाचा भाताचा प्रदेश वेगळा. आपली शाळा यांतल्या कोणत्या विभागात येते हे कळले, की तिथल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पाहाव्यात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार विद्यापीठे आहेत. राहुरीच्या विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' एखाद्या चकचकीत आज्ञावलीपुढे अगदी गद्य वाटते, पण भेंडी कधी टोचायची याचे तिच्यातले उत्तर आपल्या मातीतले असते. आज्ञावली निवडताना आमचा आता पहिला निकष हाच : तारखा आणि वाण आपल्याला हाताने बदलता येतात का? येत असतील, तर ती कामाची. ती तारखा स्वतःच ठरवते आणि बदलू देत नसेल, तर कितीही देखणी असली तरी तिला रामराम.

टोमॅटोचे उदाहरण घ्या. थंड देशांत टोमॅटोचा हंगाम हिमतुषार थांबल्यावर सुरू होतो. आपल्याकडे अडचण उलटी आहे. दिवस ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री २४-२५ अंशांच्या वर राहू लागल्या, की फुले गळतात आणि फळधारणा घटते. म्हणजे आपल्याला 'शेवटचा गारठा' नव्हे, तर 'पहिला कडक उन्हाळा' कधी येतो ते धरून मागे मोजत यायचे असते.

अंतरांचेही असेच. मेल बार्थोलोम्यू या अमेरिकन लेखकाच्या १९८१ च्या पुस्तकापासून फूट-फूट चौरसांची बाग लोकप्रिय झाली. चार बाय चार फुटांचा वाफा, त्याचे सोळा चौरस, एकेका चौरसात पिकाप्रमाणे १, ४, ९ किंवा १६ रोपे. शाळेला ही पद्धत फार सोयीची. प्रत्येक मुलाला एक चौरस देता येतो आणि गणितही होते. अनेक आज्ञावल्या हीच जाळी वापरतात. पण त्यातला 'एका चौरसात १६ मुळे' हा आकडा तिकडच्या सुपारीएवढ्या लाल मुळ्याचा आहे. आपला हातभर पांढरा मुळा तसा लावला, तर पाला मिळेल.

ऊन कोणत्या बाजूने येते?

नकाशा काढणाऱ्या काही आज्ञावल्या सावली दाखवतात. हा भाग आम्हाला सर्वांत आवडला आणि शिकवण्यासारखाही हाच आहे. मात्र त्यात एक मेख आहे.

समजा बागेच्या कडेला ३० फूट उंच इमारत आहे. लंडनमध्ये २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंश वर असतो, म्हणून तिची सावली उत्तरेकडे ११२ फूट जाते. जूनमध्ये सूर्य ६२ अंशांवर येतो, सावली १६ फुटांवर येते. पण तीही उत्तरेकडेच. तिथे 'उत्तरेची बाजू म्हणजे सावलीची' हे वर्षभर खरे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य ४८ अंशांवर, सावली उत्तरेकडे २७ फूट. मार्चमध्ये साडेएकाहत्तर अंश, सावली १० फूट. आणि जूनमध्ये? सूर्य डोक्यावरून पाच अंश पलीकडे, उत्तरेला गेलेला असतो. सावली अडीच फुटांची, पण दक्षिणेकडे!

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक गावात असे वर्षातून दोनदा होते. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बऱ्याच शाळांतून हा शून्य सावलीचा दिवस आता हौसेने पाहिला जातो. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर उत्तरेच्याच बाजूला असतो. २१ जूनला तो नेमका पूर्वेला न उगवता पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे उगवतो आणि मावळतोही तितकाच उत्तरेकडे. दिल्लीला मात्र कर्कवृत्ताच्या पलीकडे असल्यामुळे मध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही.

बागेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, 'उत्तरेची गॅलरी म्हणजे नेच्यांची जागा' हा पुस्तकी सल्ला आपल्याकडे आठ-नऊ महिने खरा आणि नेमक्या मे महिन्यात खोटा ठरतो. आमचे दोन नेचे मेच्या उन्हात करपून गेले तेव्हा हे गणित आम्ही मांडले. आधी मांडायला हवे होते.

म्हणून सावली दाखवणारी आज्ञावली हाती आली, तर परीक्षा सोपी आहे. आपले गाव घालावे, २१ जून, मध्यान्हाची वेळ द्यावी आणि भिंतीची सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहावे. पुणे, सोलापूर, रत्नागिरी, पणजी यांपैकी कुठल्याही गावी ती उत्तरेकडे दिसली, तर आज्ञावलीने सूर्य कायमचा दक्षिणेला ठेवला आहे. (घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे, हे मुलांना आठवण करून द्यावे. पुण्यात ती साधारण साडेबाराच्या आसपास होते.) आज्ञावली नसली तरी बिघडत नाही. अंगणात काठी रोवून दर महिन्याच्या २१ तारखेला सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि दुपारी चार वाजता सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली, की वर्षभरात आपल्या अंगणाचा स्वतःचा नकाशा तयार होतो. तो कुठल्याही संगणकापेक्षा खरा असतो, कारण त्यात शेजारच्या आंब्याची सावलीसुद्धा येते.

पाच चाफे

आता माहितीसाठ्यांकडे वळू. साठा कसा आहे हे पाहायला आम्ही एक युक्ती वापरतो : आपल्याला चांगली माहीत असलेली झाडेच त्यात आधी शोधायची. परीक्षकाला उत्तरे ठाऊक हवीत, तरच तो गुण देऊ शकेल.

'चाफा' हा शब्द घ्या. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. देवळाजवळचा पांढरा किंवा खुरचाफा म्हणजे प्लुमेरिया. तो कण्हेरीच्या कुळातला आणि मुळचा अमेरिकेतला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, अर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस. नागचाफा म्हणजे मेसुआ फेरिया, उंडीचा नातलग. आणि भुईचाफा, केंपफेरिया रोटुंडा, चक्क आल्याच्या कुळातला. पाच चाफे, पाच कुळे. पानगळ झालेल्या खुरचाफ्याला हिवाळ्यात फारसे पाणी लागत नाही. भुईचाफ्याचा कंद त्या काळात जमिनीखाली झोपलेला असतो आणि उन्हाळ्यात पाने येण्याआधी थेट मातीतून फूल वर काढतो. 'चाफा : मध्यम पाणी' असे एका ओळीत सांगणारा साठा कुणाबद्दल बोलतो आहे?

म्हणून शास्त्रीय नाव हवे. पण तेही अढळ नसते. सोनचाफ्याला आमच्या कॉलेजच्या वहीत मिचेलिया चंपाका म्हटले आहे. तुळस ओसिमम सँक्टम होती, ती आता ओसिमम टेन्युइफ्लोरम. रोपवाटिकेत स्नेक प्लँट म्हणून मिळणारी सॅन्सेव्हिएरिया आता ड्रॅसिना वंशात गेली आहे. नावे उगाच बदलत नाहीत. जनुकांच्या अभ्यासातून नाती नव्याने कळतात, किंवा आधी दिलेले वैध नाव सापडते. चांगल्या साठ्याची खूण ही, की जुने नाव घातले तरी तो 'हे आता अमुक नावाने ओळखले जाते' असे सांगून बरोबर पानावर नेतो. लंडनच्या क्यू उद्यानाचा 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' हा साठा २०१७ पासून खुला आहे आणि हे काम तो चोख करतो. त्याआधीची 'द प्लँट लिस्ट' २०१३ नंतर सुधारली गेली नाही. तिची जागा 'वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन'ने घेतली. तरीही जुन्या यादीवरून उतरवलेली नावे अनेक बागकामाच्या आज्ञावल्यांत तशीच राहिलेली दिसतात.

मात्र क्यूच्या साठ्यात 'कुंडीत किती खत घालावे' असे शोधू नये. तो वनस्पतिशास्त्राचा साठा आहे : नाव, कूळ, मूळ प्रदेश. लागवडीची माहिती वेगळी आणि ती नेहमी स्थानिक असते. आपल्याकडच्या झाडांसाठी 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' आणि 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया' हे दोन साठे शिक्षकांनी जरूर पाहावेत. दोन्हींत भारतीय भाषांतली नावे आहेत, त्यामुळे मराठी नावावरून सुरुवात करता येते.

नावाचा हा घोळ केवळ पंडितांचा नाही. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी हे झाड आपल्याकडे कित्येक शाळांच्या कुंपणाला असते. मुले तिच्या बियांशी खेळतात. तिच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात आणि ती जिवावर बेतू शकतात. तिचे जुने नाव थेवेटिया पेरुव्हियाना, आता मान्य असलेले कॅस्काबेला थेवेटिया. बागेच्या एका आज्ञावलीत आम्हाला या झाडाची दोन वेगवेगळी पाने सापडली. एका नावाखाली 'विषारी' असा ठळक इशारा होता. दुसऱ्या नावाखाली 'कमी पाण्यावर येणारे, शोभिवंत फुलांचे झुडूप' एवढेच. शाळेसाठी साठा निवडताना कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि गुंज ही चार नावे घालून पाहावीत, जुन्या आणि नव्या दोन्ही रूपांत. त्यातल्या एकाच्याही पानावर इशारा नसेल, तर त्या साठ्यावर मुलांची बाग सोपवू नये. काही साठे तर मांजरांना आणि कुत्र्यांना काय बाधेल ते आवर्जून सांगतात आणि मुलांबद्दल गप्प बसतात!

'स्थानिक झाड' या शिक्क्याबद्दलही असेच. कुठले स्थानिक? टणटणी, म्हणजे घाणेरी, उष्ण अमेरिकेतली. तिथल्या साठ्यात ती फुलपाखरांसाठी उत्तम म्हणून सुचवलेली असते. आपल्याकडे तिने माळराने आणि जंगले व्यापली आहेत आणि जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत तिचे नाव आहे. त्याच यादीत पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझीही आहे, आणि ती तर आपल्या रोपवाटिकांत जमीन झाकायला म्हणून विकली जाते.

फोटोवरून ओळख करून देणाऱ्या सोयींबद्दल थोडक्यात. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी सुरू केलेले 'प्लँटनेट' आणि अमेरिकेत २००८ साली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेले 'आयनॅचरलिस्ट' या दोन्ही आम्ही वापरतो, दोन्ही फुकट आहेत. त्या झाड 'ओळखत' नाहीत, तर आपला फोटो आधीच्या फोटोंशी ताडून शक्यता सांगतात. ज्या झाडाचे फोटो संग्रहात विपुल, त्याचे उत्तर बरे येते. फूल किंवा फळ असेल तर आणखी बरे. नुसत्या पानावरून, तेही कोवळ्या रोपाच्या, आलेले उत्तर अंदाजापेक्षा जास्त समजू नये. आणि फोन सांगतो म्हणून एखादी रानभाजी खाऊ तर मुळीच नये. त्यासाठी गावातल्या जाणत्या बाईलाच विचारावे.

आपला स्वतःचा साठा

हे सगळे केल्यावर बाईंना आम्ही नवे उत्तर दिले : नकाशासाठी आलेखाचा कागद वापरा, आणि माहितीसाठा मुलांकडून तयार करून घ्या. लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळते, जुन्या संगणकावर चालते.

यात पहिली चूक सगळेच करतात, ती म्हणजे सगळे एकाच तक्त्यात भरायचे. वांग्याची पाच रोपे असली तर वांग्याचे शास्त्रीय नाव पाचदा, दर आठवड्याच्या नोंदीला पुन्हा पाचदा. एका ठिकाणी चूक दुरुस्त केली, की बाकीच्या तशाच राहतात. त्यापेक्षा तीन तक्ते करावेत. पहिल्यात वनस्पतीच्या जाती : मराठी नाव, शास्त्रीय नाव, कूळ, विषारी आहे का, माहिती कुठून मिळाली. दुसऱ्यात प्रत्यक्ष लागवड : कोणती जात, कोणत्या वाफ्यात, कोणत्या तारखेला, बी कुठले. तिसऱ्यात निरीक्षणे : तारीख, कोणते रोप, काय दिसले, कुणी पाहिले.

तक्ते जोडायचे कशाने? शास्त्रीय नावाने नको, कारण नावे बदलतात हे आपण पाहिलेच. प्रत्येक जातीला आणि प्रत्येक लागवडीला आपला एक क्रमांक द्यावा. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. मुलाचे आडनाव बदलते, पत्ता बदलतो, इयत्ता तर दरवर्षी बदलते. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र दाखला निघेपर्यंत तोच राहतो. संगणकाच्या मोठ्या माहितीसाठ्यांतही युक्ती हीच असते.

आणि वर्षातून दोनदा ते तक्ते छापून ठेवावेत. हे आम्ही पोळल्यावर सांगतो आहोत. एका आज्ञावलीत आम्ही तीन वर्षे पावसाच्या आणि फुलोऱ्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. ती चालवणाऱ्यांनी एके दिवशी गाशा गुंडाळला. नोंदी बाहेर काढायची सोय तिच्यात नव्हती, आणि ती आहे का हे सुरुवातीला पाहायचे आम्हाला सुचले नव्हते. पहिल्या वर्षीचा बहावा कोणत्या तारखेला फुलला होता, ते आता कुठेच नाही. तेव्हापासून कोणतीही आज्ञावली घेतली की पहिल्याच दिवशी दोन खोट्या नोंदी भरून त्या साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर येतात का ते पाहतो. येत नसतील, तर पुढे जात नाही.

स्वतःच्या नोंदींवर भर देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. श्री. अ. दाभोलकरांचा 'प्रयोग परिवार' याच पायावर उभा होता : ज्याने त्याने आपल्या जागेत प्रयोग करावा, मोजावे आणि जे दिसले ते इतरांना कळवावे. त्या काळी ते पत्रांनी आणि बैठकांनी होई.

बाईंच्या शाळेने जूनमध्ये सुरुवात केली. दिवाळीपर्यंत पहिल्या तक्त्यात तेवीस जाती, दुसऱ्यात एकेचाळीस लागवडी आणि तिसऱ्यात चारशेहून अधिक निरीक्षणे जमली. त्यातली निम्मी 'गोगलगायीने खाल्ले' अशी आहेत. कुंपणाची बिट्टी काढायची की नुसती पाटी लावायची यावर शाळेत दोन तट पडले, आणि मुलांनी तिसरा तक्ता उघडून लहान मुले मधल्या सुट्टीत तिथे किती वेळा जातात ते मोजून दाखवल्यावर ती काढली गेली. पहिल्या तक्त्यातल्या सतराव्या ओळीत 'चाफा, कुंपणाजवळचा, कलम' एवढेच लिहिले आहे. शास्त्रीय नावाचा रकाना अजून रिकामा आहे. झाडाला फूल आल्याशिवाय तो भरायचा नाही असे मुलांनी ठरवले आहे.